सुई

पौषातल्या त्या सकाळी दापोलीत
गवतावर, कौलांवर, सायकलच्या सीटवर
साखर सांडल्यासारखं पांढरं काहीतरी.
पोरांनी चाटून पाहिलं, दुपारपर्यंत विसरली.

माडांना कळायला आठ दिवस लागले.
आधी पातींची टोकं, मग झाप,
मग अख्खा माड चहात बुडवून काढल्यासारखा.
तीन होते. ठेंगणे. औंदा पहिली पोय यायची होती.

बत्तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग केलं.
भाजलेली कातडी कधी सोडवायची, कधी नाही,
बोटांना ठाऊक.
तरी कोयता घेऊनच उभी होते.
रस्त्यावरून माणसं बघत होती ना.

धाकू भुवड पाडेली कुंपणाशी थांबला.
"बाय, कापू नुको.
मेलेला झाप पन पांगरून आसतो.
थंडी अजून सरली नाय."

मग शिडी.
मधली सुई, न उलगडलेलं पान,
नाडी बघतात तशी दोन बोटांत धरायची
आणि हळूच ओढायची.
पहिली हलली नाही.
दुसरी हलली नाही.
तिसरी सरळ हातात आली,
खालून मऊ, तपकिरी, आणि तो वास.
वॉर्ड नंबर दोन.
मी तोंड फिरवलं.

मोरचूद एका बादलीत, चुना दुसरीत,
एकत्र करून कोयत्याचं पातं बुडवलं.
तांबूस चढलं, म्हणजे चुना कमी.
मग ते निळं पाणी वाटीवाटीनं गाभ्यात.
बुंध्याशी सोडणं उपडी रचली, वर पातेरा.
खत नाही, मीठ नाही.
तापातल्या माणसाला कोणी लाडू भरवतं का?

बाकी काही करायचं नव्हतं,
आणि तेवढंच जमेना.
शिमग्यात पोरं होळीला झाप मागायला आली,
त्यांच्याशी भांडले.
शेजारच्या जैबुन्निसानं विचारलं,
ही भुतं किती दिवस ठेवणार?
मी सुईवर पेनानं रेघ मारली होती,
शेजारच्या देठाशी जुळवून.
रोज शिडी. रोज रेघ तिथेच.

चैत्र संपताना रेघ एक बोट वर.
वाटलं, आपलाच चष्मा.
दुसरी रेघ मारली. चार दिवसांनी तीही सरकली.

पान आलं ते अर्धंच,
टोकं कातरलेली, पाती एकमेकींना चिकटलेल्या.
धाकू म्हणाला, "ह्ये आतच करपलेलं.
फुडचा बगा."
आणि जाता जाता, "आता काप.
हिरवा हाय त्येवडा ऱ्हावदे."

तिसऱ्याच्या जागी खड्डा आहे.
त्यात अजून काही लावलेलं नाही.

दोघांच्या खोडावर ते वर्ष राहील म्हणतात,
आवळलेल्या कमरेसारखं.
पुढे कधी कोणी चढेल,
धाकूचा नातू, नाहीतर कोणी झारखंडचा,
त्याचा पाय तिथे जरासा चुकेल.
तो खाली बघेल, पाय पुन्हा बसवेल,
आणि नारळाकडे जाईल.