अस्वलाचं नाणं

नोव्हेंबरात कुह्मोला सव्वातीनलाच दिवे लागतात.
दिवे लावले आणि ताइस्तो केम्पाइनेन आत आला,
पायपुसण्यावर बूट दोनदा आपटले,
म्हणाला, ओइवाची सत्तरी आहे शनिवारी.
दाखव काहीतरी.

एवढं म्हणायला त्याला चौदा वर्षं लागली.
गावात सगळ्यांना ठाऊक आहे:
बाप गेला, मागे राहिली एक होडी आणि दोन मुलगे.
होडी अर्धी अर्धी करता येत नाही.

मी काउंटरवर मांडत गेले.
लोकरीचे मोजे.
"मोजे त्याची बायको विणते,"
मग जरा थांबून, "विणायची."
आयराच्या मातीला हा चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला होता
आणि घंटा वाजायच्या आत निघून गेला. मी पाहिलं होतं.
थर्मास. "एकट्याला एवढा मोठा?"
कॉफीची दोन पाकिटं. "ती शेजाऱ्यांना देतात."
विजेरी. "म्हणेल, मी काय अंधारात बसलोय?"

मग बूट. नंबर विचारला.
"त्रेचाळीस," म्हणाला, आणि लगेच, "होता."
जणू भांडणानंतर
माणसाचे पायही बदलतात.

गळाचं रीळ त्यानं स्वतःच उचललं,
दोरा बोटानं ताणून पाहिला,
आणि चटका बसावा तसं खाली ठेवलं.
होडी आठवली असणार.
त्याला नसेल तर मला आठवली.

तीस वर्षं मी हे दुकान चालवते.
लोक म्हणतात, त्याच्याकडे सगळं आहे, काय द्यायचं?
मी मान हलवते.
त्याच्याकडे काय आहे हे
आपल्याला माहीत नाही, एवढं कबूल करायला
कुणी दुकानात येत नाही.

शेवटी काचेखालची सुरी. बर्चची मूठ.
मीच म्हटलं, सुरी देऊ नये, नातं कापलं जातं.
"आता काय राहिलंय कापायचं?"
घेणाऱ्यानं नाणं द्यायचं असतं मात्र, मी म्हटलं,
एखादं, कसलंही. म्हणजे ती विकत घेतली असं होतं.
"माहीत आहे."
"हातात द्यावं लागतं."
"माहीत आहे म्हटलं ना."
फ्रीज बराच वेळ घुरघुरत होता.

सोनेरी कागद नको म्हणाला. साधा, तपकिरी.
चिठ्ठीवर काय लिहू, विचारलं
आणि उत्तराची वाट न बघता लिहिलं:
ताइस्तो केम्पाइनेन.
आडनावासकट. सख्ख्या भावाला.

शनिवार गेला. रविवारी बर्फ पडलं.
सोमवारी तो मीठ आणि यीस्ट घेऊन गेला.
मी विचारलं नाही. दुकानदारानं
दिलेल्या मालाचा पाठलाग करू नये.

गुरुवारी दूध. खिशातली चिल्लर
त्यानं काउंटरवर ओतली,
मी एकेक नाणं ओढत मोजत होते
आणि मधेच एक अस्वलाचं निघालं,
पन्नास पेन्नीचं, बाद होऊनही जमाना झालेलं.
हे चालत नाही, मी म्हटलं, आणि परत सरकवलं.

त्याचे कान लाल झाले.
नाणं त्यानं झटकन उचललं,
कोटाची बटणं काढली, स्वेटर वर केला,
आतल्या सदऱ्याच्या खिशात टाकलं.
"चुकून मिसळलं," म्हणाला.
मग दारापाशी जाऊन, माझ्याकडे न बघता,
"कंजूष आहे लेकाचा. पहिल्यापासून."

दूध काउंटरवरच राहिलं.