ढील

सप्टेंबरात टेनेसी नदीच्या फुगवट्यावर
पाणवेलींची साय धरते,
इतकी जाड, की बगळा तिच्यावरून चालत जातो.
सायीखालून बारीक चटचट ऐकू येते,
कुणी अंधारात शेंगा फोडत बसल्यासारखी.
छोटे मासे किडे खात असतात.
त्यांच्याखाली, तोंड वर करून, बास.

लीलँड प्रुइट, माझ्या आईचा दुसरा नवरा,
बोलताना अडखळायचा.
'ब' तर त्याच्या ओठांत रुतूनच बसायचा
आणि मी, अकरा वर्षांची, घिसाडघाईची,
अक्षराचं टोक दिसलं की ओढून काढायचे:
बादली? बॅटरी? बिस्किटं?
तो मान डोलवायचा.
शब्द चुकला असला तरी डोलवायचा.

त्या उन्हाळ्यात मी एकोणीस मासे घालवले.
त्यानं डब्याच्या झाकणावर पेन्सिलीनं रेघा मारून ठेवल्या होत्या,
टोमणा म्हणून नव्हे; तो पावसाचीही नोंद ठेवायचा.
रबरी बेडूक सायीवरून टुणटुण यायचा,
दार आदळावं तसं पाणी फुटायचं,
मी दचकून काठी उपसायचे
आणि बेडूक माझ्याच कानाजवळून सुसाट मागे.
माशाला हात नसतात,
पण हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच,
आणि काढून घेणारी मी.

रात्री जेवणाच्या टेबलावर लीलँड बेडूक दुरुस्त करायचा.
कॉफीच्या मगात गरम पाणी, त्यात बुडवून मऊ करायचा:
माशानं दाबलं की पोट बसलं पाहिजे, गळ उघडे पडले पाहिजेत.
पकडीनं दोन्ही टोकं बाहेर वाकवायचा, केसभर.
दोन केस वाकली तर गवतच लागेल.
पायांच्या झालरी बोटभर छाटायचा,
मासा नुसते पायच धरून जाऊ नये म्हणून.
रिळावरचा तंगूस काढून विणलेला दोर भरला.
तंगूस ताणतो. तिकडचं इकडे उशिरा सांगतो.
यातलं काही तो बोलला नाही. मी बघत होते.

बोलला ते एवढंच, दोन दिवसांत मिळून:
पाणी फुटलं की काठी खाली कर.
ढील गुंडाळ.
वजन लागलं, की मग पाठीतून ओढ.
किती थांबायचं, मी विचारलं.
त्यानं खांदे उडवले.
"तो तोंड मिटेपर्यंत."

त्या शनिवारी धक्क्यावर बोट सोडताना
तो 'ब'वर अडकला.
"बिस्किटं? घेतलीत," मी म्हटलं.
त्यानं मान डोलवली.

नऊच्या सुमाराला साय फाटली.
मी बेडकाकडे पाहिलंच नाही, काठीच्या टोकाकडे पाहिलं,
ते पाण्याला टेकवलं, रिळाचा एक वेढा, दुसरा,
आणि दोराच्या त्या टोकाला कुणीतरी
ओलं पोतं ठेवलं.
मग ओढलं.

तीन किलो तरी असेल. डोक्यावर गवताचा भारा घेऊनच आला.
दोन्ही गळ टाळ्यात, शेजारी शेजारी.
लीलँडनं जाळी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं.
"ब," म्हणाला. "ब."

माझ्या जिभेवर तयार होते: बास. बरा. बहाद्दर.
मी ढील गुंडाळली.
एक चतुर काठीवर बसला, उडाला, परत बसला.
लीलँडच्या गळ्याची शीर वर आली, खाली गेली.
मासा माझ्या मांडीवर कल्ले उघडत होता.
मी थांबले.

"बूच," लीलँड म्हणाला.

सकाळपासून तेच म्हणत होता.
बोटीच्या मागच्या भोकाचं बूच
धक्क्यावर, ट्रकच्या बॉनेटवर राहिलं होतं
आणि पाणी आमच्या घोट्यांशी आलं होतं.

मासा सोडून दिला, घाईघाईत, फोटोबिटो न काढता.
बिस्किटांचा डबा रिकामा करून मी पाणी उपसत होते,
तो भोकात टोपी कोंबून हसत होता
(हसताना तो कधीच अडखळला नाही)
आणि आमच्या दोघांच्या मधे, बोटीतल्या पाण्यात,
बेडूक तरंगत होता, पोट खाली, गळ पाठीला लावून,
अगदी तरंगायला हवा तसा.