खोली ०१७

सोहारच्या बंदराकडे तोंड करून बसलेल्या ऑफिसात
दुपारी तीनच्या सुमाराला मी एक नियम लिहिला:
ज्या खोलीच्या नावात ‘स्टोअर’ येईल
तिला स्टोअरचे सगळे गुणधर्म आपोआप लागू व्हावेत.

आधी हे हातानं चालायचं.
एकेक दार निवडा, एकेक खिडकी,
उजवीकडच्या चौकटीत भरत बसा:
आग किती मिनिटं थोपवेल, पत्रा की लाकूड, मोडते कुठल्या वर्गात.
चार हजार दारं. बोटांची सालटी निघायची तेवढी बाकी.
हिलाल म्हणायचा, यल्ला, उद्या द्यायचंय.
उद्या रोजच असायचं.

आता एक कळ दाबली
आणि पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यातून सरकावं
तसे रिकामे रकाने भरत गेले.
दाराला दारपण, जिन्याला जिनेपण,
कुणी कुणाला काही न विचारता.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
खुर्चीतल्या खुर्चीत मी एक गिरकी घेतली.

तसं मलाही हे लागू झालेलंच आहे.
माझ्या कार्डावर हुद्दा: शिंपी.
कंपनीकडे त्या साली शिंप्याचीच जागा उरली होती.
सुईत दोरा ओवता येत नाही मला,
बटण तुटलं की शर्ट बदलतो.

मग यादीत ०१७ दिसली.
जुन्या गोदामाची मापं घ्यायला गेलो होतो,
तिथं मोतालेबनं सुलेमानी पाजली होती, जाम गोड.
टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं.
चार मीटर बाय साडेतीन.
दुमजली खाटा तीन, खिळ्याला कांद्याची जाळी,
दोरीवर मोजे, एकाचा दुसऱ्याशी मेळ नसलेले.
टेप भिंतीला टेकवली
तेव्हा झोपेतला कुणीतरी कूस बदलून
तिच्याकडे पाठ करून निजला.
मूळ नकाशात ती खोली स्टोअर होती.
मीही तेच लिहून आणलं.

पडद्यावर आता:
माणसं, शून्य.
हवा, गरज नाही.
कुलूप, बाहेरून.

शून्य खोडून सहा केले.
फाईल मिटली, उघडली. शून्य.
पुन्हा सहा.
पुन्हा शून्य.
नियम माझाच, चोख,
कुठं फट म्हणून ठेवली नव्हती मी.

ऑफिस रिकामं होत गेलं.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
मग मी खोलीचं नावच बदललं,
‘स्टोअर’ पुसून लिहिलं: मोतालेब.
नियम आला, थबकला,
असल्या नावाचं काय करायचं त्याला ठाऊक नव्हतं.
सगळे रकाने कोरे. ओळ लाल.
खाली एक सूचना:
एक खोली कोणत्याही वर्गात बसत नाही.

उद्या हिलाल विचारेल, ही लाल का?
उत्तराची जुळवाजुळव करत अजून बसलोय.
खाली कंपनीच्या बसचा ड्रायव्हर
दुसऱ्यांदा हॉर्न वाजवतोय.