राहू दे

लीलाधर फिरके बाजारभाव लिहायचे.
कापूस, केळी, उडीद, दादर.
साडेसहाला टेबलाशी येत,
शर्टाला सरकीचा वास.
प्रुफं मी वाचायचे.
त्यांचा अनुस्वार कधी चुकला नाही.
आकडा एकदाच.

मग चोपड्याच्या एका जुन्या जिनातून
वह्यांचं गाठोडं निघालं, रद्दीत, किलोवर.
एका पानावर मोडीत:
गाठी सत्तेचाळीस, गलबत सलामती,
सुरतेपुढे तापीच्या तोंडाशी बुडाले. विमा पावला.
बस्स.
'माणसं किती?' फिरके एकदम ओरडले,
एसटी उलटल्यावर फोनमध्ये ओरडायचे तसे.
सगळी कचेरी गप्प.

राजीनामा दिला तेव्हा संपादक हसले,
'आठे समिंदर कोठे शे, भाऊ?'
फिरक्यांनी टेबलावरचा पेला उचलला.
'हे पाणी कुठे निघालं होतं,
आपण धरण बांधण्याआधी?'

पुढची एकोणीस वर्षं सुरत पॅसेंजर,
दशम्या, लसणाची चटणी, भिंग.
पन्नाशीला आलेला माणूस गुजराती बाराखडी गिरवत होता.
पहिल्या खेपेचं कार्ड माझ्याकडे आहे:
समुद्र पाहिला. आवाज जिनासारखाच. पोटात ढवळलं.

एका अर्जात खलाशी चौदा असल्याचं सापडलं,
आणि चार नावं.
बारोटाच्या चोपडीत तीन.
दर्ग्यामागच्या दगडावर दोन, शेवाळ खरवडून.
नंतर काहीच नाही, सहा वर्षं.

एकदा मी विचारलं, कोण लागतात हे तुमचे?
ते चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, भोकरीच्या डोहात नाव उलटली होती, आठवतं?
मी सहा लिहिले.
कडेवरचं मूल धरायचं राहिलं.
दुसऱ्या दिवशी दुरुस्ती द्यायची होती,
त्या जागेत साड्यांच्या सेलची जाहिरात लागली.

पुस्तकाची प्रुफं माझ्याकडेच आली.
पान एकशे बारा.
एक ते नऊ, नावं.
दहा ते चौदा, नुसते आकडे, पुढे कोरं.
मी समासात निळ्या पेन्सिलीने लिहिलं: मजकूर गळला?
परत आलं तेव्हा खाली त्यांचं थरथरतं अक्षर:
राहू दे.

ऑपरेटरने ती जागा दोनदा मिटवली,
पान वाचतं म्हणून.
दोनदा मी उघडायला लावली.