पत्ता अपुरा

बाबा चौतीस वर्षं रात्रपाळीला
नाशिकरोडच्या आर.एम.एस.मध्ये टपाल लावायचे.
भिंतभर खण. ओझर, निफाड, येवला, मनमाड.
पाकीट उचललं की हात निघालेला असायचा,
वाचणं मागून पोचायचं.
नुसतंच 'पिंपळगाव' लिहिलेलं असलं
तर बसवंत की हरेश्वर
हे पाकिटाला लागलेल्या कांद्याच्या वासावरून ओळखायचे,
असं तेच सांगायचे.

आता कॉलेज रोडच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
शलाका मोहरील नावाची मुलगी
त्यांच्यापुढे शब्दांचे पत्ते मांडते.
फळं इकडे. भांडी तिकडे. जनावरं मधे.

'डाळिंब.'
बाबा बराच वेळ बघतात. म्हणतात, "द्राक्षं."
'कढई.' "तांब्या."
'नदी.' "गंगा."
"गोदावरी म्हणायचंय का, काका?"
ती नागपूरची. तिला काय ठाऊक,
इथं आपण गंगेवरच जातो, भाजी घ्यायलासुद्धा.

खण बरोबर आहे, मला वाटलं,
पाकीट तेवढं शेजारचं उचललं जातंय.
म्हणजे शब्द आत शिरला
की आधी त्याचं गाव लागतं, मग घर.
बाबांच्या डोक्यात एसटी स्टँडपर्यंत येते अजून.
पुढे रिक्षा नाही.

'पान' आलं.
जेवणाचं, वहीचं, पिंपळाचं की विड्याचं?
मी आपली चारही दारांशी धावले.
बाबांनी काही न बोलता उजवा हात,
तोच, लुळा पडलेला,
कसाबसा खिशाकडे नेला.
तिथं डबी असायची.

मग 'पण'.
पानाहून एक काना कमी.
सोपा म्हणून तिनं शेवटी ठेवलेला.
बाबा घामाघूम.
फळ नाही, भांडं नाही, जनावर नाही.
'आणि', 'तरी', 'म्हणून', सगळे तसलेच,
ना गाव ना तालुका.
असल्या टपालावर ते लाल पेन्सिलीनं लिहायचे
पत्ता अपुरा,
आणि वेगळ्या पोत्यात टाकायचे.
इथं पोतं नव्हतं.

शुक्रवारी शर्ट धुताना सापडला खिशात,
भिजून मऊ झालेला 'पण'.
चोरला की जपला, कळेना.
चिमटा लावून दोरीवर टाकला,
त्यांचा शर्ट आणि आईची साडी
यांच्यामध्ये जागा होती तिथं.

संध्याकाळी आई कपडे काढायला गेली
ती बराच वेळ आत आली नाही.