बसणार कोण हाय

अक्कलकोट रोडला, बंद सूतगिरणीच्या भिंतीला टेकून
दस्तगीर मिस्त्रीचं दुकान. पाटी नाही.
दारात मोडके कमानपाटे रचलेले,
थोरल्यावर धाकटा, त्यावर त्याहून धाकटा.

मागून फार आपटते, मी म्हणाले.
त्यानं डिकीवर तळहात ठेवून एकदाच दाबलं,
कान देऊन ऐकलं. मग विचारलं,
"बसणार कोण हाय?"

गाडी विकणाऱ्यानं हे विचारलं नव्हतं.

अम्मा. चाळीस वर्षं विड्या वळल्या,
पाठ आता सुपासारखी.
मंगळवार-शुक्रवार विडी घरकुलातून
डायलिसिसला न्यायची.

तो चिंधीनं बोटं पुसत बोलत राहिला,
चिंधी बोटांहून काळी.
"पाट्याला वजन लागतंय, ताई. सूत भरलेला टेम्पो बघा,
जेवून उठलेल्या माणसागत चालतो.
रिकामा झाला की उड्या.
कॉइल मऊ घेतली तर खड्डा गिळंल,
पण आसरा चौकात वळलात
की गाडी खांदा टाकून देती.
कडक घेतली तर जिथं म्हणाल तिथं वळंल
आन् खडान्‌खडा म्हातारीच्या मणक्याला सांगंल.
दोन्ही पायजे म्हणतात समदे."

मऊ घातली.

शुक्रवारी हैदराबाद रोडचे खड्डे
आले कधी, गेले कधी.
मी आरशात बघत होते, जरा कौतुकासाठी.
अम्मा तोंडाला पदर लावून.
"पाळण्यात घातलंयस का गं मला? मळमळतंय.
तुझ्या नान्नाचा टेम्पो बरा होता.
खड्डा आला की आला, एवढं तरी कळायचं."

दस्तगीर हसला नाही.
चाक काढलं, शॉकअप सोडवला, हातानं दाबला.
मुकाट आत गेला. ओढला,
मुकाट बाहेर. तेल कधीच गळून गेलेलं.
"स्प्रिंगला इसरता येत नाय.
घेतलं ते परत देती, परत घेती, परत देती.
तिला गप करायचं काम ह्याचं.
पैलं हेच बघाय पायजे होतं. चुकलंच."
मजुरी घेतली नाही. चहा मात्र मलाच सांगायला लावला.

मंगळवारी उन्हात निघालो. कॉइल तीच.
वळणावर गाडी अजून थोडी झुकते,
मी वेग सोडते.
अम्मा डोळे मिटून. झोपली की काय,
कळेना.

पुलाखाली एक खड्डा
मी चुकवला नाही.

"आला," ती म्हणाली.