नमुना क्रमांक सहा

दस्तगीरचाचा मिरजेहून सहाआसनी रिक्षानं आले,
रुमालाच्या गाठीत तीन घोड्या बांधून.
फाटकावर रखवालदारानं विचारलं, काय आहे?
घोड्या, म्हणाले. त्यानं रस्त्याकडं पाहिलं.
मग गाठ सोडून दाखवावी लागली:
सतारीच्या, तारा जिच्यावरून जातात त्या,
बोटाएवढ्या.

विश्रामबागेतली आमची प्रयोगशाळा म्हणजे
जिन्याखालची एक खोली, खिडकीला काळा कागद.
'कडकपणा सांग,' चाचा म्हणाले, 'पण खड्डा पाडू नको.'

शेजारच्या खोलीत हिरा दाबून मोजणारं यंत्र आहे,
कुपवाडच्या कारखान्यांचे गियर त्याच्याकडं येतात
आणि अंगावर चौकोनी ठसा घेऊन जातात,
तलाठ्याच्या शिक्क्यासारखा.
'माझाही पडतो,' मी खरं सांगितलं, 'पण मोहरीहून बारीक.'
त्यांनी तिन्ही घोड्या पालथ्या केल्या.
'मग पोटाला मार. पाठीवर जवारी काढलीय,
ती बिघडली तर परत घासायला
हात आता तेवढा थांबत नाही.'

मी त्यांना समजावलं, जसं परीक्षकांना समजावते तसं नाही.
प्रकाश एका टिंबावर गोळा होतो.
टिंबाची वाफ होते, वाफ पेटते,
आणि पेटलेलं कॅल्शियम दोन तऱ्हांनी उजळतं:
एक इलेक्ट्रॉन गमावलेलं, पार जांभळ्या टोकाशी,
आणि शाबूत असलेलं, थोडं अलीकडं.
वस्तू जितकी घट्ट, तितका वाफेचा धक्का जोराचा,
तितकी गमावलेल्यांची रेघ उंच.
मी फक्त भागाकार करते.
वर गमावलेले, खाली शाबूत.

'हिशोब बरोबर आहे,' चाचा म्हणाले.
मला वाटलं चेष्टा करतायत.

तुकडे मी खाचांत बसवले, उलटसुलट क्रमानं,
झाकण लावलं, त्यांना चष्मा दिला, दिवा घालवला.
टच्.
पडद्यावर अजून काही नाही, संगणक आमचा जुना,
पण अंधारातून आवाज आला:
'उंटाचं हाड.'
टच्.
'हे शिंग. सांबराचं, आजोबांच्या वेळचं.
जरा ओलं बोलतं.'
टच्.
'आणि हे दिल्लीवाल्याचं फायबर. याला घरच नाही.'

मग रेघा उमटल्या.
हाड वर, शिंग त्याच्या बऱ्याच खाली.
फायबरमध्ये कॅल्शियमच नव्हतं,
ते माझ्या आलेखात कुठंच बसेना.
अडीच वर्षं मी या खोलीत ती ठिणगी फोडतेय
आणि तिचा आवाज नको म्हणून
कानात कापूस घालून बसते.

'मशीन काय म्हणतंय?'
'तुम्ही म्हणालात तेच.'
त्यांना त्याचं विशेष वाटलं नाही. शिकलगारांचा वंश,
पणजोबा तलवारीला धार लावायचे,
पोलाद कुठं कच्चं राहिलं ते अंगठ्यानं सांगायचे.
तलवारी गेल्या, अंगठा सतारीवर आला.

निघताना खिशातून कागदाची पुडी काढली.
आत दाढ. त्यांचीच, गेल्या मंगळवारी
मिशन हॉस्पिटलच्या बाजूला काढलेली,
सुपारीनं तांबडी झालेली, मुळं शाबूत.
'हिला मार. हिला खड्ड्याची भीती नाही.'

टच्.
याआधी कुठल्याच तुकड्याचा आवाज
मी इतका ऐकला नव्हता. कोरडा, टोकदार,
बंद दारावर एकच नख.
गमावलेल्यांची रेघ पडद्याच्या वरच्या कडेला लागली,
मला मोजपट्टी बदलावी लागली.
चाचांनी रुमाल झटकला. 'एकाहत्तर वर्षं चावलंय बेटा.'
मग स्वतःच हिशोब केला:
'नाही. पासष्ट. ही दुसऱ्यांदा आलेली.'

आज सरांनी वही पाहिली.
विचारलं, हा वरचा ठिपका कुठला,
आणि हा शेवटचा रकाना काय?
ठिपका: मानवी दाढ, पुरुष, मिरज.
रकान्यात प्रत्येक नमुन्यापुढं मी एक शब्द लिहिलाय.
ओलं. कोरडं. बेघर.
सर म्हणाले, एकक?

मी अजून ठरवलेलं नाही.
कापूस मात्र टाकून दिलाय.